छपाईचं काम: कोऱ्या कागदापासून गठ्ठे मोजून घेईपर्यंत

ए४ कागद २९७ मिलिमीटर लांब असतो. त्याचं तीन भागांत दुमडणारं पत्रक करायचं, तर २९७ भागिले ३, म्हणजे प्रत्येक भाग ९९. हा हिशेब मी स्वतः केला होता. भागाकार अगदी बरोबर होता आणि त्यापायीच दोन हजार पत्रकं बिघडली. आत दुमडला जाणारा भाग बाकीच्या दोघांइतकाच रुंद असला की तो घडीच्या आत जाऊन टेकतो, वाकतो आणि पत्रक फुगून बसतं. तो भाग दोन-तीन मिलिमीटरनी अरुंद लागतो: १००, १०० आणि ९७. शिवाय कागद उलटला की क्रमही उलटतो. बाहेरच्या बाजूला डावीकडून ९७, १००, १०० आणि आतल्या बाजूला १००, १००, ९७. छापखान्यानं मी दिलं तेच छापलं होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

तेव्हापासून संगणक सुरू करण्याआधी मी कोरा कागद आणि पेन्सिल घेतो.

आधी डमी

जे छापायचं आहे ते कोऱ्या कागदाचं, खऱ्या आकारात बनवा. पत्रक असेल तर घड्या घाला, पुस्तिका असेल तर कागद एकात एक घालून मध्ये दुमडा आणि प्रत्येक बाजूवर पेन्सिलीनं पृष्ठ क्रमांक टाका. २४ पृष्ठांच्या पुस्तिकेला सहा कागद लागतात. सगळ्यात बाहेरचा कागद उघडून पाहिलात तर १ आणि २४ शेजारी शेजारी दिसतील, मधल्या कागदावर १२ आणि १३. मधोमध पिना मारायच्या पुस्तिकेची पृष्ठं चारच्या पटीत का हवीत, हे एकदा हातानं करून पाहिलं की कुणी समजावून सांगावं लागत नाही. मजकूर २६ पृष्ठांचा झाला असेल तर २४ मध्ये बसवा किंवा २८ करा. हे ठरवायची वेळ आत्ताची आहे. पुढे छापखाना विचारेल तेव्हा दोन कोरी पृष्ठं कुठे टाकायची यावर घाईत निर्णय होतो आणि तो बहुतेक वेळा चुकतो.

डमी हातात धरून अजून दोन गोष्टी पाहा. मजकूर मधल्या घडीत गडप होतोय का? आणि ही वस्तू कुठे राहणार आहे? खिशात, पाकिटात की भिंतीवर? पाकिटात जाणार असेल तर पाकीट आधी आणा, आकार मग ठरवा.

पान म्हणजे काय, हे लिहून द्या

मराठीत एक गंमत आहे. ‘पान’ म्हणजे कागदाची एक बाजूही आणि अख्खा कागदही. ‘पुस्तिका २४ पानांची आहे’ असं तुम्ही म्हणता तेव्हा तुमच्या डोक्यात २४ बाजू असतात. समोरच्यानं २४ कागद धरले तर दर दुप्पट येतो आणि तुम्हाला तो छापखाना महाग वाटतो. म्हणून ‘पृष्ठं’ म्हणा आणि मुखपृष्ठाची चार त्यात धरली आहेत की वेगळी, तेही लिहा. मुखपृष्ठ जाड कागदाचं असेल तर ती चार पृष्ठं स्वतंत्र छापली जातात, त्यामुळे हा फरक दरात लगेच उतरतो.

दर मागताना मी काय पाठवतो, त्याचा एक नमुना देतो (जीएसएम हे कागदाचं वजन, अनकोटेड म्हणजे लेप नसलेला साधा कागद, प्रूफ म्हणजे छपाईआधी तपासायची नमुना प्रत):

‘माहितीपुस्तिका. तयार आकार १४८ × २१० मिमी, उभी. आतली पृष्ठं २४, मुखपृष्ठाची ४ वेगळी. आत १०० जीएसएम अनकोटेड, फक्त काळा रंग, पाठपोट. मुखपृष्ठ २५० जीएसएम मॅट आर्ट कार्ड, बाहेरून चार रंग, आतून कोरं, बाहेरच्या बाजूला मॅट लॅमिनेशन. मधोमध दोन पिना. प्रती ५००, १००० केल्या तर काय पडेल तेही कळवा. छापायला तयार पीडीएफ मी देईन. खऱ्या कागदावरचं एक प्रूफ हवं. ५०-५० चे गठ्ठे. २२ तारखेला हातात हव्यात. कर आणि वाहतूक दरात धरली आहे का, ते लिहा.’

एवढंच, पण हेच्या हेच तीन ठिकाणी पाठवलं तरच येणारे तीन दर एकमेकांशी ताडून पाहता येतात. ‘चांगला कागद, मस्त छपाई’ असं सांगितलंत तर प्रत्येकाचा ‘चांगला कागद’ वेगळा निघतो.

डिजिटल की ऑफसेट

ऑफसेटला प्रत्येक रंगाची एक प्लेट लागते. चार रंग म्हणजे चार प्लेटा. त्या मशिनवर चढवायच्या, रंग एकमेकांवर नेमके बसवायचे, शाई जुळवायची आणि एवढं होईस्तोवर निघालेले कागद रद्दीत. हा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच दहा हजारांना. त्यामुळे प्रती वाढल्या की दर झपाट्यानं उतरतो. डिजिटलला प्लेट नाही; पहिली प्रत आणि पाचशेवी प्रत जवळपास सारख्याच खर्चात निघते, आणि प्रत्येक प्रतीवर वेगळं नाव किंवा क्रमांकही टाकता येतो. साधारणपणे काही शेकड्यांपर्यंत डिजिटल आणि त्यापुढे ऑफसेट परवडतं. सीमारेषेवर असाल तर दोन्ही दर मागा.

पण केवळ प्रतीमागे स्वस्त पडतं म्हणून हजार प्रती जास्त छापू नका. जुन्या पत्त्याच्या पत्रकांचे गठ्ठे मी कपाटांवर पुष्कळ पाहिले आहेत.

कागद हातात घेऊन निवडा

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. कार्यालयातला नेहमीचा कागद ७० ते ८०, बरं पत्रक १३० ते १७०, भेटकार्ड ३०० च्या आसपास. जीएसएमवरून वजन कळतं, जाडी नाही. १३० जीएसएमचा गुळगुळीत आर्ट पेपर आणि ८० जीएसएमचा साधा अनकोटेड कागद जाडीला जवळपास सारखे, दोन्ही मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. आर्ट पेपर दाबून गुळगुळीत केलेला असतो, म्हणून वजन जास्त आणि जाडी कमी.

पुस्तकाचा कणा काढताना हे कामाला येतं. २४० पृष्ठं म्हणजे १२० कागद, ०.१ मिमीच्या हिशेबानं कणा १२ मिमी, वर मुखपृष्ठाच्या कार्डाची जाडी. हा फक्त अंदाज झाला. कण्यावर नाव छापायचं असेल तर नेमका आकडा छापखान्याकडूनच घ्या.

रंग अनकोटेड कागदावर थोडे मावळतात, कारण शाई कागदात मुरते. आर्ट पेपरवर ती वरच राहते, म्हणून फोटो खुलतात. ज्यावर पेननं लिहायचं आहे, पावती असो वा नोंदणीचा अर्ज, तिथे मात्र चकचकीत कागद घेऊ नका. शाई वाळत नाही आणि हाताला लागते. जाड कागदाला घडी असेल तर आधी क्रीजिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून पाडलेली खाच, हवं, नाहीतर घडीवर रंग फुटून पांढरी रेघ दिसते. डिजिटल छपाईत हे जास्तच, कारण टोनर, म्हणजे तिथली रंगाची पूड, कागदाच्या वर थरासारखा बसतो. आणि घडी शक्यतो कागदाच्या तंतूंच्या दिशेनं यावी. दिशा कळत नसेल तर त्याच कागदाचा तुकडा उभा-आडवा दुमडून पाहा. एका दिशेनं तो सहज दुमडतो, दुसऱ्या दिशेनं कुरकुरतो.

फाईल: माप आणि कड

फाईल तयार आकारात उघडा आणि चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा कड, ठेवा. कटिंगचं पातं गठ्ठाच्या गठ्ठा कापतं. त्यात मिलिमीटरभर इकडेतिकडे होणारच. कडेपर्यंत जाणारा रंग किंवा फोटो कडेवरच थांबला असेल तर कापल्यावर पांढरी पट्टी डोकावते. म्हणून ए४ ची पार्श्वभूमी २१६ × ३०३ मिमीपर्यंत पसरवायची. उलट मजकूर कडेपासून आत किमान ५ मिमी ठेवा. आणि कडेला समांतर बारीक चौकट घालायचा मोह आवरा. कटिंग अर्धा मिलिमीटर सरकलं तरी चौकट तिरकी दिसते आणि दोष कापणाऱ्याच्या माथी येतो.

फोटो आणि बोधचिन्ह

फोटो छापल्या जाणाऱ्या आकारात ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, हवा. ४००० × ३००० पिक्सेलचा मोबाईलवरचा फोटो ३०० नं भागा, उत्तर इंचांत येतं; त्याचे सेंटिमीटर केले की साधारण ३४ × २५. म्हणजे ए४ पृष्ठ भरून टाकायला तो पुरतो. संकेतस्थळावरून उचललेलं ३०० पिक्सेल रुंदीचं बोधचिन्ह मात्र छापताना जेमतेम अडीच सेंटिमीटरचं होतं. ते ओढून मोठं केलंत की कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. बोधचिन्हाची व्हेक्टर फाईल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फुटणारी, मागा. ‘आमच्याकडे हीच आहे’ असं उत्तर येतं, पण ज्यानं ते बनवलं त्याच्याकडे बहुधा मूळ फाईल असते.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवलात तर तो वाटेतच लहान होतो. डीपीआयचा आकडा ७२ वरून ३०० करून उपयोग नाही. पिक्सेल आहेत तेवढेच राहतात.

रंग

पडद्यावर रंग प्रकाशाचे असतात, कागदावर शाईचे. पडद्यावरचा झगझगीत पोपटी, विजेसारखा निळा, तेजस्वी नारिंगी हे चार शायांत येतच नाहीत. म्हणून फाईल आधीच सीएमवायकेमध्ये, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळा (वाय) आणि काळा (के) या चार शायांत, नेऊन पाहा; जे मावळायचं ते तुमच्या डोळ्यांसमोर मावळू द्या. निळ्याचा एक नेहमीचा दगा: सायन १०० आणि मॅजेंटा १०० धरलं की छापून जांभळा येतो. मॅजेंटा ७० किंवा त्याहून खाली आणा.

काळ्याबद्दल थोडं सविस्तर. मजकुराचा काळा म्हणजे फक्त के १००, बाकी तीन शून्य. आरजीबीतला, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्यातला, काळा फोटोशॉपमध्ये एका प्रचलित प्रोफाईलनं (रंग बदलायच्या ठरीव तक्त्यानं) बदलला की सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९० असा चार शायांचा होतो. बेरीज ३००. आता आठ पॉइंटचं अक्षर चार वेळा एकावर एक छापलं जाणार. रंग केसभर सरकले की शिरोरेषेला लाल-निळी सावली आणि अनुस्वाराच्या जागी डाग. मोठ्या काळ्या पार्श्वभूमीला मात्र नुसता के १०० राखाडी वाटतो. तिथे सी ६०, एम ४०, वाय ४० ची जोड दिली की काळा भरदार होतो. हा भरदार काळा बारीक अक्षरांना लावू नका.

काळ्यावर पांढरी अक्षरं हवी असतील तर जाड टाईप घ्या. शाई पसरून बारीक वेलांट्या बुजतात. क्यूआर कोड पांढऱ्यावर, एकट्या के मध्ये ठेवा, भोवती त्याच्याच चार चौकोनांइतकी मोकळी जागा सोडा आणि प्रूफवरून मोबाईलनं वाचून पाहा.

देवनागरी: इथेच जास्त पाणी मुरतं

जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटांत टाईप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच पाठवा आणि सोबत त्याची पीडीएफ, म्हणजे शब्द दिसायला कसा हवा हे समोरच्याला कळतं. रूपांतर केलेला मजकूर असेल तर तो पुन्हा पहिल्यापासून वाचा. रूपांतरात ऱ्य आणि रफार हमखास फसतात.

युनिकोड मजकूरही पृष्ठरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये मोडू शकतो. इनडिझाईनमध्ये वर्ल्ड रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवणारी सोय) निवडलेला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. माझी एक चाचणीची ओळ आहे, अर्थाला फार नाही पण कामाला चोख: ‘दऱ्याखोऱ्यांतल्या विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय शिष्टमंडळाचं कर्तृत्व निर्विवाद ठरवलं.’ ही ओळ नीट उमटली तर बाकीचं बहुतेक नीट उमटतं. अजून एक: काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की अनेक फाँट आपोआप मराठी वळण देतात. देत नसतील तर फाँट बदला.

छापखाना ‘कर्व्ह करून पाठवा’ म्हणेल, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून. मग फाँटचा प्रश्न उरत नाही, पण दुरुस्तीही करता येत नाही. कर्व्ह केलेली फाईल वेगळ्या नावानं साठवा. मूळ फाईलवरच कर्व्ह करून बसलेली आणि मग एका काना-मात्रेसाठी अख्खं पृष्ठ पुन्हा टाईप करणारी माणसं मला ठाऊक आहेत. त्यातला एक मीच.

पीडीएफ

छापखान्याला विचारून पीडीएफ/एक्स-१ए किंवा एक्स-४ (छपाईसाठी ठरवलेले पीडीएफचे प्रकार) काढा. फाँट आत बसवलेले, ३ मिमी ब्लीड, कटिंगच्या खुणा ब्लीडच्या बाहेर. पृष्ठं सुटी, क्रमानं; समोरासमोरची जोडून देऊ नका. १ शेजारी २४ लावण्याचं काम छापखान्याचं आहे, त्यांच्या मशिनच्या कागदानुसार ते लावतात. अ‍ॅक्रोबॅट प्रोमधल्या आऊटपुट प्रिव्ह्यूत एकेक रंग बंद करून पाहा. काळा बंद केल्यावर मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. काही अक्षरं तरीही दिसत राहिली, तर तो चार शायांचा काळा आहे. शेवटी ती पीडीएफ दुसऱ्याच संगणकावर उघडा.

फाईलच्या नावात ‘फायनल’ शब्द नको. तारीख आणि क्रमांक टाका. ‘फायनल २ नवीन खरी’ अशा नावाची फाईल प्लेटवर गेली की कुठली खरी हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रूफ

पडद्यावरचं प्रूफ मजकूर आणि मांडणीसाठी ठीक आहे, रंगासाठी नाही. रंग महत्त्वाचा असेल तर कागदावरचं प्रूफ मागा आणि ते दिवसाच्या प्रकाशात पाहा. पिवळ्या दिव्याखाली सगळंच उबदार दिसतं. छापखान्यांत रंग पाहायला ५००० केल्विनचा दिवा असतो तो याचसाठी.

मजकूर लिहिणाऱ्यानं स्वतः तपासला तर त्याला कागदावरचं दिसत नाही, डोक्यातलं दिसतं. दुसऱ्याला द्या. दूरध्वनी क्रमांक एकानं मोठ्यानं वाचावा आणि दुसऱ्यानं तो लावून पाहावा. तारीख आणि वार दिनदर्शिकेशी जुळवा. मथळे वेगळे तपासा; सगळ्यात मोठ्या टायपातली चूक सगळ्यात उशिरा दिसते. दुरुस्ती झाली की नुसता तो शब्द पाहू नका, अख्खा परिच्छेद पाहा, कारण एक शब्द वाढल्यानं शेवटची ओळ चौकटीबाहेर गेलेली असू शकते.

सही करताना दोन वाक्यांतला फरक लक्षात ठेवा: ‘दुरुस्त करून छापा’ आणि ‘दुरुस्त करून पुन्हा दाखवा’. पहिलं लिहिलंत तर पुढची चूक तुमची. एकापेक्षा जास्त दुरुस्त्या असतील तर मी दुसरंच लिहितो, कितीही घाई असो. सहीखाली तारीख आणि वेळ टाका आणि त्या प्रूफची प्रत स्वतःकडे ठेवा.

मशिनपाशी

ऑफसेटच्या मोठ्या कामाला पहिले कागद निघताना तिथे हजर राहता येतं का, विचारा. गेलात तर भिंगातून रजिस्ट्रेशनच्या फुल्या पाहा. चारही रंग एकावर एक बसलेले हवेत. पाठपोट असेल तर कागद उजेडापुढे धरा आणि पुढची-मागची चौकट जुळते का पाहा. रंग प्रूफशी ताडा. पसंत पडलेल्या कागदावर सही करा. पुढचे कागद मशिनवरचा माणूस त्याच्याशी जुळवत राहील. मजकुरात बदल मात्र तिथे सुचवू नका. प्लेट झालेली असते, एका स्वल्पविरामासाठी ती नवी करावी लागते.

मशिनमधून निघाल्यावरही वेळ लागतोच. शाई वाळायला हवी, नाहीतर एका कागदाचा रंग दुसऱ्याच्या पाठीला लागतो. मग लॅमिनेशन, क्रीजिंग, पिना, कटिंग. गडद रंगाच्या मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन करणार असाल तर एक नमुना नखानं घासून पाहा, ओरखडे पटकन दिसतात.

माल घेताना

गठ्ठ्यातली वरची प्रत नेहमीच छान असते. मधून, खालून अशा दहा-बारा प्रती काढा. पृष्ठांचा क्रम, पिना मधोमध आहेत का, कटिंग, रंगातला फरक, कुठे कोरं पृष्ठ गेलंय का, हे पाहा. मोजायला सोपा मार्ग वजनाचा: शंभर प्रती मोजून तोला आणि त्यावरून बाकीचे गठ्ठे. छापील प्रती ठरलेल्या संख्येपेक्षा काही टक्के कमी-जास्त येण्याचा या धंद्यात प्रघात आहे, पाच ते दहा टक्क्यांपर्यंत. नेमक्या ५०० च हव्या असतील तर ‘एकही कमी चालणार नाही’ हे दर मागतानाच लिहायचं असतं. तक्रार असेल तर गठ्ठे वाटायला घेण्याआधी, खराब प्रती बाजूला काढून, सही केलेल्या प्रूफसह करा.

सगळं झालं की दोन स्वच्छ प्रती, सही केलेलं प्रूफ आणि कागदाचं नाव, जीएसएम, लॅमिनेशन लिहिलेली चिठ्ठी एका पाकिटात घाला. मूळ फाईल, फाँट, फोटो आणि पाठवलेली पीडीएफ एकाच फोल्डरमध्ये ठेवा. प्लेटा छापखाना सांभाळेलच असं नाही. पुढच्या खेपेला ‘मागच्यासारखंच करा’ एवढंच सांगायचं असतं आणि त्या वेळी ‘मागचं’ फक्त त्या पाकिटात असतं.